मांडी घालून बसताना

अप्पा,

परवा माझ्याकडं इस्लापूरच्या बाजूचे एक म्हातारे शेतकरी आले होते. मुलगा त्यांना घेऊन नांदेडला आला होता. कमरेतून इतके वाकलेले, की माझ्या तोंडाकडं बघायला त्यांना मान तिरकी करून वर करावी लागत होती. मी त्यांना भिंतीला टेकवून उभं केलं, टाचा लावा, पाठ लावा, डोकं लावा, असं नेहमीचं सगळं करून घेतलं. त्यांनी निमूटपणे जमेल तेवढं केलं आणि मग म्हणाले, "डॉक्टरीणबाई, समदी जिनगी वाकून गेली. आता ह्या वयात सरळ होऊन कुनाला दाखवायचंय?" मुलगा बिचारा ओशाळला. मी हसले आणि मणक्यावरचा भार, झोप, श्वास असं जे सांगायचं असतं ते सांगून मोकळी झाले. हाव हाव म्हणत ते गेले. त्यांचा प्रश्न मात्र माझ्याकडंच राहिला. आज रविवार आहे, क्लिनिक बंद आहे, जेवणं झाली आहेत, आणि मी कागद घेऊन बसले आहे. कारण ह्या प्रश्नाचं उत्तर देऊ शकेल असा एकच माणूस माझ्या ओळखीत होता, आणि तुम्हाला जाऊन तर आता एवढी वर्षं झाली की उदगीरच्या आपल्या दुकानात तुम्हाला बघितलेलं गिऱ्हाईकसुद्धा विरळाच उरलं असेल.

तुम्हाला माहीत नसेल, पण लहानपणी मला वाटायचं की तुम्हाला दोन पाठी आहेत. एक सकाळची आणि एक दुकानातली. सकाळी आंघोळ करून, कपाळावर भस्माचे पट्टे ओढून तुम्ही देवघरासमोर पाटावर मांडी घालता, गळ्यातल्या चांदीच्या डबीतून इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेता, आणि तुमची पाठ अशी उभी होते की मागून बघणाऱ्या मला वाटतं, कुणीतरी वरून शेंडीला धरून ओढतंय. मी तुमच्या बाजूला माझ्या छोट्या पाटावर. दीक्षा नुकतीच झालेली, माझंही लिंग माझ्या तळहातावर. पण थोड्याच वेळात हात दुखायला लागतो, तळहात खाली खाली जातो आणि त्याच्या मागोमाग माझी मान जाते. स्वयंपाकघरातून अव्वाच्या भाकरीचा थापथाप आवाज येत असतो आणि माझं अर्धं लक्ष तिकडं. मग तुमची दोन बोटं माझ्या पाठीत, बरोबर दोन खांद्यांच्या मधे टेकतात. गार असतात, पाण्यातली. "माय, देवाकडं वाकून कामून राहिलीस? तू हाय तिथंच ऱ्हा. देवाला वर आन." मग मी तळहात छातीपाशी आणते आणि मान आपोआप सरळ होते. हे असं का होतं याचं मला तेव्हा फार नवल वाटायचं. मान सरळ करायला सांगितलं तर ती क्षणभर होते आणि पुन्हा पडते. हात वर आणला की मानेला काही सांगावंच लागत नाही.

आणि मग दुकान. तीच पाठ तासाभरात दुकानाच्या गादीवर जाऊन अशी गोल व्हायची की ओळखू येऊ नये. गादीवर बसल्या बसल्या मागच्या फडताळातून तागा ओढायचा, पुढं वाकून गिऱ्हाइकासमोर फडकवायचा, गजानं मोजायचा, कात्री मारायची. पोटात पाय घेऊन हिशेब, आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की लोडावर कोपर टेकून डुलकी. लग्नसराईत तर तुम्ही संध्याकाळी उठायचात ते एका हातानं खांब धरून. मी एकदा विचारलंही होतं, अप्पा, सकाळी बसता तसं दुकानात का बसत नाही? तुम्ही म्हणालात, "तसं बसलो तर गिऱ्हाइकाला वाटंल, ह्याला गरज न्हाई. वाकलं की माल खपतो." तेव्हा मला हे उत्तर पटलं नव्हतं. आता पटतं. आपण कसे बसतो हे नुसत्या हाडांवर थोडंच ठरतं? समोर कोण आहे, त्यावरही ते ठरतं.

मी ह्या फिजिओथेरपीच्या धंद्यात कशी पडले असं लोक विचारतात तेव्हा मी कॉलेजचं काहीतरी सांगते. खरं कारण तुमच्या त्या दोन पाठी. तेव्हापासून मला माणसांच्या पाठी बघायचा नाद लागला तो लागलाच. नांदेडात मी रस्त्यानं चालते तेव्हा पाट्या वाचत नाही, पाठी वाचते. ऑटोवाल्यांचा उजवा खांदा डाव्याच्या खाली असतो, कारण शेजारी एक जादा सवारी बसवून ते वर्षानुवर्षं अर्ध्या सीटवर चालवतात. गुरुद्वाऱ्यात लंगरच्या पोळ्या लाटायला बसलेल्या बायका बघाव्यात. ज्या बायका बोलत बोलत, हसत लाटतात त्यांची मान मोकळी, आणि ज्या एकट्या कोपऱ्यात बसतात त्यांची मान गळ्यात रुतलेली. कपडे धुणाऱ्या बायका कमरेत वाकतात, पण पाठ आडव्या फळीसारखी सपाट ठेवतात आणि त्यांना फारसं काही होत नाही. त्यांच्या घरच्या सोफ्यावर आडवे पडून टीव्ही बघणारे नवरे मात्र माझ्याकडं कंबर धरून येतात. विष्णुपुरीची इंजिनिअरिंगची पोरं येतात. विशीतली, दंड फुगवलेली आणि मान म्हाताऱ्यांची. गादीवर लोळून, पोटावर लॅपटॉप ठेवून अभ्यास करतात. मी त्यांच्या हातातला मोबाइल मनगटासकट वर उचलते आणि सांगते, तू त्याच्याकडं वाकू नकोस, त्याला वर आण. पोरं म्हणतात, मॅडम, हे भारी आहे, कुठं वाचलं? मी म्हणते, आमच्या उदगीरला असंच शिकवतात.

पण तुमचा खरा किस्सा मी त्यांना कधी सांगत नाही. दुकानात काउंटर आलं तिथून तो सुरू होतो.

दादानं दुकान नवं केलं तेव्हा गादी गेली, लोड गेले, काचेचं काउंटर आलं आणि तुमच्यासाठी चाकांची फिरती खुर्ची आली. खरं तर मीच त्याला दुजोरा दिला होता. म्हटलं, चांगलं आहे, अप्पांची पाठ वाचेल. आणि वाचलीही. तुम्ही पहिले काही दिवस पोरासारखे त्या खुर्चीवर गोल फिरलात, अव्वा हसून हसून दमली. पण पाठ वाचली आणि गुडघे गेले. दिवसभर पाय लोंबकळते राहिले, जेवण टेबलावर आलं, आणि एका दिवाळीला मी आले तर तुम्ही पूजाही खुर्चीवर बसून करत होतात. मठाच्या स्वामींनीच सांगितलं होतं म्हणे, वय झालं, खुर्चीवर बसून केली तरी चालते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. माझ्याकडं येणाऱ्या निम्म्या म्हाताऱ्यांना तर मी स्वतःच सांगते, खाली बसू नका.

त्याच दिवाळीत दुपारी तुम्ही मला दुकानाच्या मागच्या खोलीत बोलावलंत. दार लोटून घेतलंत. मला वाटलं, आता काहीतरी वाटणीचं बोलणार. तुम्ही म्हणालात, "माय, मला मांडी शिकव."

मी हसले होते. जन्मभर गादीवर मांडी घालून बसलेला माणूस मला मांडी शिकव म्हणतो! तुम्ही हसला नाहीत. मग मी तुम्हाला खाली सतरंजीवर बसवून बघितलं. डावा पाय कसाबसा दुमडत होता, उजवा गुडघा जमिनीपासून वीतभर वर तरंगत होता, आणि पाय दुमडला की पाठ मागं ढळत होती. मी विचारलं, पूजेसाठी हवंय का? तुम्ही नुसतं "हूं" केलंत. मग मी सांगितलं की बूड जरा उंच घेतलं की पाठ ढळत नाही, आणि घडी करायला काहीतरी शोधायला लागले. तुम्ही फडताळाकडं बोट दाखवलंत. सुटिंगचा एक जाडसर तागा होता, तो तुमच्या बुडाखाली घेतला. "गिऱ्हाइकानं बघितलं तर म्हनंल, म्हातारा अंडी उबवून राहिला," असं म्हणून तेव्हा कुठं तुम्ही हसलात. अधांतरी राहिलेल्या गुडघ्याखाली मी एक पंचा गुंडाळून ठेवला. गुडघ्याला खाली टेकू मिळाला की तो भीत नाही, सैल पडतो. मग रोज पंच्याची गुंडाळी थोडी थोडी बारीक करत जायची. एवढंच. दाबायचं नाही, असं मी बजावलं. "दाबायचं न्हाई," असं तुम्ही माझ्या मागून म्हणालात, पोथीतली ओळ म्हणावी तसं.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा उदगीरला यायची तेव्हा जेवण झालं की आपण दोघं मागच्या खोलीत. दादा विचारायचा, काय चाललंय तुमचं? तुम्ही म्हणायचात, फिटिंग. पंचा बारीक होत गेला. इतक्या नेमानं व्यायाम करणारा माणूस मला माझ्या सगळ्या कामात भेटला नाही. लोक दुखणं थांबलं की व्यायाम सोडतात. तुम्हाला तर दुखतही नव्हतं. म्हणूनच मला चैन पडेना. शेवटी एकदा मी पंचा हातात धरून ठेवला आणि म्हटलं, आधी सांगा, कशासाठी चाललंय हे. स्वामींनी खुर्चीला परवानगी दिली आहे, जेवायला टेबल आहे, दुकानात गादी राहिली नाही. मांडी तुम्हाला घालायची कुठं आहे?

तुम्ही तुमच्या उजव्या हाताकडं बघितलंत. मग म्हणालात, "शेवटी घालावीच लागती की."

मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. आपल्या लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत. बसवतात. भिंतीशी मांडी घालून बसवायचं, कपाळाला कापड बांधून मान उभी ठेवायची, तळहातावर लिंग द्यायचं, तसंच बसलेलं खांद्यावरून न्यायचं आणि मातीतही बसवूनच ठेवायचं. हे मी लहानपणापासून बघितलेलं. पण बघितलेलं असलं तरी ते एखाद्या माणसाच्या गुडघ्याशी कधी जोडलं नव्हतं. मी जरा डॉक्टरकी केली. म्हटलं, अप्पा, त्याची काळजी कशाला, माणूस गेला की थोडा वेळ अंग सैलच असतं, बसवतात बरोबर.

"सैल पडतं ते मांस," तुम्ही म्हणालात. "हाडाचा सांधा धरलेला असला तर सैल पडत न्हाई. तुझ्या अज्जाला किती दिवस अंथरुनाला खिळलेलं बघितलंस तू? पाय ताठ झाल्ते. बसवायचं तर म्हंजे बसवायचंच. समदे म्हनाले, थोरला पोरगा हाय, तू दाब. मी दाबलं." तुम्ही उजवा पंजा थोडा उचललात. "आवाज झाला, माय. म्हातारं गेलं होतं, त्याला काय कळनार. पन ह्या हाताला कळलं. आजून कळतंय."

तुम्हीच पुढं म्हणालात, "त्या टायमाला मी कुठं असनार? पन तुमचे हात असतील. दादाचे, तुझे. त्या हातास्नी जोर लावायची पाळी नको."

मग तुम्ही माझ्या हातातून पंचा घेतलात, स्वतःच गुंडाळलात आणि गुडघ्याखाली सारलात. बाहेर दादा कुणालातरी नव्या साड्या दाखवत होता. मला तेव्हा रडू आलं, अप्पा, आणि ते तुम्हाला दिसू नये म्हणून मी तुमच्या मागं जाऊन तुमच्या खांद्यांच्या मधे दोन बोटं टेकवली, जणू पाठ बघते आहे. पाठ सरळच होती.

तुम्ही गेलात तेव्हा मी घरीच होते, ही माझ्या नशिबाची गोष्ट. आजार थोडक्यातला होता, आणि सकाळची वेळ होती. अव्वा तुमच्या उशाशी होती. स्वामी आले आणि हळू आवाजात म्हणाले, बसवून घ्या, अंग ताठायच्या आत. नातेवाइकांतले दोन दांडगे पुरुष पुढं सरकले. दादा जागचा हलला नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "तू कर. तुझं काम हाय." मी त्या पुरुषांना बाजूला व्हायला सांगितलं. बाईमाणसानं हे करायचं का, अशी कुजबुज झाली असेल. मला ऐकू आली नाही. तुम्हाला भिंतीशी टेकवलं. डावा पाय दुमडला, तो सहज आला. मग उजव्याला हात घातला. तो हळूहळू आला, आला, आणि जिथं नेहमी थांबायचा तिथंच थांबला, जमिनीपासून बोटभर वर. मला ती जागा पाठ होती. मी म्हटलं, पंचा द्या. दादानं का म्हणून विचारलं नाही, धावत जाऊन आणला. मी बारीक गुंडाळी केली, गुडघ्याखाली सारली, आणि गुडघा तिच्यावर टेकला. कुणालाच जोर लावावा लागला नाही. आवाज झाला नाही. कपाळाला कापड बांधलं, पण ते नुसतं रीत म्हणून होतं, मान उभीच होती. तळहातावर लिंग ठेवताना मी तुमचा हात छातीपाशी आणला, तुम्ही माझा आणायचात तेवढ्याच उंचीवर. दादा नंतर मला म्हणाला, "मला वाटलं होतं लई जड जाईल." एवढंच म्हणाला. अज्जांच्या वेळी तोही त्या खोलीत होता, हे मला तेव्हा आठवलं.

आता मला तुम्हाला विचारायचं आहे ते हे. ती सकाळची पाठ, मी लहान असतानाची, ती पण ह्याचसाठी होती का? रोज पाटावर बसताना तुमच्या मनात शेवटचं बसणं असायचं, की ते देवासाठी वेगळं आणि हे आमच्यासाठी वेगळं? माझ्या मनात कधी एक येतं, कधी दुसरं. आणि दुकानात तुम्ही जे वाकायचात, तेही शेवटी आमच्यासाठीच होतं. मग माणसानं एकाच घरासाठी सकाळी सरळ व्हायचं आणि दिवसभर वाकायचं, हा काय प्रकार आहे? मी आयुष्यभर लोकांना सरळ बसण्याचे फायदे सांगत आले. त्या म्हाताऱ्यांनी, कुनाला दाखवायचंय म्हणून विचारलं, तेव्हा तुमचं नाव माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांच्यात आडवं नेतात आणि जाळतात. तुमचं उत्तर त्यांना लागू पडायचं नाही. त्यांचं उत्तर वेगळं असणार, आणि पुढच्या खेपेला ते आले की मी भिंतीशी उभं करायच्या आधी जरा बसून त्यांना विचारणार आहे, की घरी कोण कोण आहे, आणि तुम्हाला उठवायला, बसवायला कोण हात देतं.

हे पत्र कुठं द्यायचं हा प्रश्नच नाही. घडी करून ठेवीन कुठंतरी आणि विसरेन. बघा, लिहिता लिहिता मी टेबलावर पुरती ओणवी झाले होते, आता कागदाखाली पुस्तकांची चळत घेतली आहे आणि तो वर आणला आहे. दिवसभर स्टुलावर बसून, दुसऱ्यांच्या पाठींवर वाकून माझे स्वतःचे गुडघे कधी धरले ते मला कळलंच नाही. डावा जमिनीला टेकत नाही. म्हणून काही महिन्यांपासून रोज दुपारी खोलीचं दार लोटून बसते. बुडाखाली चादरीची घडी, गुडघ्याखाली टॉवेल.

मागच्या आठवड्यात पुण्याहून तुमची नात आली होती. तिनं दार ढकललं आणि मला तसं बसलेलं बघितलं. म्हणाली, "आई, गुडघा दुखतोय का गं?" मी हो म्हटलं. ती माझ्याशेजारी बसली, फुलासारखी अलगद मांडी घालून, आणि मोबाइलमध्ये मान घातली. मी तिचं मनगट धरून वर आणलं. ती हसली, आणि मग माझा टॉवेल सरकला होता तो तिनं नीट केला. तिचे हात मऊ आहेत, अप्पा, तिनं कधी काही जड उचललेलं नाही. मी कितीतरी वेळ त्या हातांकडंच बघत होते.

गुडघा मला अजिबात दुखत नाही. तिला मी ते सांगितलं नाही.